मांसातले पाणी : एका पोकळ सुईचा इतिहास

डुकराच्या मांसावर व्याख्यान, आणि तेही वसंत व्याख्यानमालेत, हे ऐकून काही श्रोत्यांनी भुवया उंचावल्या असतील. त्यांचे काही चुकले नाही. या सभागृहात बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरी मांस शिजत नाही, कित्येकांना हे एक मांस धर्माने वर्ज्य आहे, आणि आमच्या ख्रिस्ती बंधूंच्या घरी तेच सणासुदीला रांधले जाते. आम्ही कोणाला ते खा म्हणून सांगायला उभे राहिलो नाही आणि खाऊ नका म्हणूनही नाही. आमचा विषय वजनाचा, वेळेचा आणि मजुरीचा आहे. शाळा आम्हांला लवकर सोडावी लागली. पुढे जे काही शिकलो ते कामगारांच्या पगाराच्या चिठ्ठ्या तपासताना आणि नगर वाचनालयाच्या बाकावर. चिठ्ठ्या तपासायची सवय लागलेला माणूस कोणत्याही मालाकडे पाहिले की एकच विचारतो : यात भर कोठे पडली, आणि ती कोणाच्या पदरात गेली?

अमेरिकेच्या दक्षिण भागात डुकराचा पुढचा खांदा लाकडाच्या मंद धुरावर दहा-बारा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ, भाजण्याची रीत आहे. भाजून झाल्यावर ते मांस हाताने पिंजतात आणि पावात घालून खातात. आचेवर चढविण्यापूर्वी हल्ली अनेक जण त्या खांद्यात जाड, पोकळ सुईने मिठा-साखरेचे पाणी, सफरचंदाचा रस वगैरे टोचतात. सुई गुरांच्या डॉक्टरच्या पिचकारीसारखी जाडजूड असते, आणि पुष्कळदा तिच्या अंगाला चहूबाजूंनी भोके असतात, म्हणजे पाणी एकाच जागी न साठता सगळीकडे पसरते. हा खटाटोप कशासाठी, असे विचारले तर उत्तर मिळते की इतका वेळ धुरात राहून मांस कोरडे पडू नये म्हणून. उत्तर खरे आहे. पण सुई काही या कामासाठी जन्मली नाही. तिचा जन्म दीडशे वर्षांहून मागचा, आणि त्या वेळी तिच्यापुढचा प्रश्न कोरडेपणाचा नव्हता, सडण्याचा होता.

मीठ मांसात आपल्या चालीने शिरते, आणि ती चाल गोगलगाईची. बांगडा चिरून मीठ लावला की लवकर खारतो, कारण तो पातळ. गोव्यात चोरीस करताना डुकराचे मांस लहान लहान तुकड्यांत कापतात, त्याला मीठ, मिरची आणि माडाच्या ताडीचे व्हिनेगर लावतात. तुकडा लहान म्हणून मीठ गाभ्यापर्यंत पोचते आणि सुईवाचून काम भागते. युरोपात मात्र अख्खी मांडी किंवा अख्खा खांदा खारवीत. आत हाड, हाडाला सांधा, सांध्याभोवती जाड मांस. बाहेरून चोळलेले मीठ तेथवर पोचायला महिना-दीड महिना लागे. तेवढ्या अवधीत हाडाजवळचे मांस आतल्या आत आंबले तर वरून काही कळत नसे. सुरी घातल्यावर वासानेच कळे. म्हणून मांस खारवण्याचा धंदा हा थंडीचा धंदा होता. आपल्याकडे पावसाळा लागला की वीटभट्ट्या थांबतात, तसे तिकडे उन्हाळा लागला की खारवणारे कारागीर हात बांधून बसत.

मीठ बाहेरून आत जायला वेळ लागतो, तर ते आतूनच का सोडू नये, हा विचार प्रथम खाटकाला सुचला की शवविच्छेदन करणाऱ्याला, हे सांगणे कठीण. पण १८६० नंतरच्या दशकात डब्लिन येथील शरीरशास्त्राचे प्राध्यापक जॉन मॉर्गन यांनी तो विचार पद्धतशीर मांडला. प्रेत टिकविण्यासाठी रक्तवाहिन्यांतून औषधी द्रव सोडण्याची रीत त्यांच्या शास्त्रात रुळलेलीच होती. त्यांनी तीच रीत ताज्या मारलेल्या जनावराला लावली. छाती उघडायची, हृदयापाशी नळी बसवायची, आणि उंचावरच्या टाकीतून मिठाचे पाणी सोडायचे. निसर्गाने रक्त खेळविण्यासाठी जे कालवे खणून ठेवले आहेत, त्यांतूनच खारे पाणी अंगभर जाते. कल्पना मोठी चतुर होती. अख्ख्या जनावरावरचा तो प्रयोग धंद्यात फारसा रुजला नाही. पण एकेका मांडीच्या धमनीत सुई घालून पाणी भरण्याची रीत पुढे कारखान्यांत सर्वत्र आली, तिचे मूळ याच विचारात आहे.

धंद्याची खरी उलथापालथ झाली ती इंग्लंडात विल्टशर परगण्यातल्या काल्न या लहानशा गावी. आयर्लंडची डुकरे ब्रिस्टल बंदरात उतरत आणि तेथून लंडनच्या बाजाराकडे पायी हाकली जात. वाटेत काल्नला मुक्काम पडे. गावातल्या हॅरिस नावाच्या खाटीक घराण्याने ही संधी हेरली आणि तेथेच डुकरे विकत घेऊन बेकन करण्यास आरंभ केला. पुढे आयर्लंडात बटाट्याचे पीक बुडाले, माणसेच उपाशी मरू लागली, तेथे डुकरे कोठून येणार? माल तुटला. १८४७ साली घरातला तरुण जॉर्ज हॅरिस अमेरिकेत धंदा काढायला गेला. धंदा काही जमला नाही, पण बर्फाने थंड ठेवलेल्या कोठारांची कल्पना घेऊन तो परतला. काल्नला बर्फघर उभे राहिले आणि १८६४ मध्ये हॅरिसांनी त्याचे पेटंट घेतले. वर बर्फाचा माळा, खाली थंडगार खोली. आता उन्हाळ्यातही मांस खारवता येऊ लागले, आणि थंडावा असल्यामुळे मीठही कमी पुरू लागले. मग जी रीत ठरली तिला आजही विल्टशर रीत म्हणतात. डुकराची अर्धी बाजू अखंड घ्यायची, ठरलेल्या जागी, विशेषतः हाडांच्या कडेने, सुया खुपसून मिठाचे आणि सोऱ्याचे पाणी भरायचे, नंतर त्या बाजू हौदात एकावर एक रचून चार-पाच दिवस खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवायच्या, मग बाहेर काढून मुरू द्यायच्या. पुढे हवी तर धुरी, नाही तर तशाच विकायच्या. पूर्वी जेथे महिना लोटे तेथे आता पंधरवडा पुरे झाला. तो कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. गावाचे पोट इतकी वर्षे ज्यावर चालले तेच गेले. गिरणगाव पाहिलेल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको.

येथे डेन्मार्कचा उल्लेख केल्यावाचून आम्हांला पुढे जाववत नाही. १८८७ साली जर्मनीने डेन्मार्कची जिवंत डुकरे घेण्याचे बंद केले. डेन शेतकऱ्यांनी रडत न बसता त्याच वर्षी हॉर्सेन्स गावी सहकारी बेकन कारखाना काढला आणि इंग्रजांच्या न्याहारीसाठी विल्टशर पद्धतीचेच बेकन करून पाठविण्यास सुरुवात केली. तीच सुई, तेच खारे पाणी. पण वाचलेल्या दिवसांचा नफा डुकरे पाळणाऱ्यांच्या खात्यावर जमा होऊ लागला. आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्यांच्या सभासदांनी हा इतिहास वाचण्यासारखा आहे. (कारखान्यातल्या मजुराला त्यातला वाटा किती मिळाला, हा प्रश्न तेथेही उरतोच. असो.)

आता शिकागोला जाऊ. १८६५ च्या नाताळच्या दिवशी तेथे युनियन स्टॉकयार्ड नावाचा जनावरांचा अफाट बाजार उघडला. या नावातली ‘युनियन’ आमची नव्हे. ती रेल्वे कंपन्यांची. त्यांनी एकत्र येऊन बाजार काढला म्हणून ते नाव. त्याच्या शेजारी आर्मर, स्विफ्ट अशा कंपन्यांचे मांसाचे कारखाने उठले. जनावर टांगून फिरत्या साखळीवर सोडायचे आणि प्रत्येक माणसाने एकच काप घालायचा, ही कामाची वाटणी येथे इतकी बारीक झाली की पुढे हेन्री फोर्डने मोटारीच्या कारखान्यासाठी तिचाच कित्ता गिरविला. अशा जागी मांडी खारवायला महिना कोण थांबणार? सुई शिकागोला आली आणि तिला पायाने चालविण्याचा पंप जोडला गेला. मजूर एका हाताने सुई मांसात खुपसी, पायाने पंप दाबी, आणि काही क्षणांत मांडी खाऱ्या पाण्याने फुगे. पूर्वी जे काम काळ करीत होता ते आता मजुराचा पाय करू लागला.

१९०४ मध्ये या कारखान्यांत मोठा संप झाला. संपाचे कारण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कुशल खाटकांनी तो पुकारला, पण अकुशल मजुरांचा ताशी साडेअठरा सेंटांचा दर घसरू नये म्हणून. तरबेज कारागिराने झाडूवाल्यासाठी काम बंद ठेवावे, हे आमच्या चळवळीतही नेहमी घडत नाही, म्हणून मुद्दाम सांगितले. संप फुटला. मालकांनी दक्षिणेतून काळे मजूर आणून कामावर लावले, आणि गोऱ्या कामगारांच्या मनात काळ्यांविषयी जे विष भिनले ते उतरायला तीस-चाळीस वर्षे गेली.

संप मोडल्यावर त्या वस्तीत अप्टन सिंक्लेअर नावाचा तरुण लेखक सात आठवडे राहून गेला. त्याने ‘द जंगल’ ही कादंबरी लिहिली. ती १९०५ मध्ये एका समाजवादी साप्ताहिकात क्रमशः आली आणि १९०६ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. त्या कादंबरीत आमची सुई आहे. पायाच्या पंपाने मांडीत पाणी भरण्याचे वर्णन आहे, आणि वास मारणाऱ्या मांड्यांत अधिक जहाल पाणी भरून तो वास मारला जाई, असेही तेथे लिहिले आहे. त्याच पुस्तकात खारवण्याच्या खोल्यांतल्या मजुरांच्या हातांचेही वर्णन आहे. बोटाला जरासे खरचटले की ते आम्ल त्यात शिरे आणि एकेक सांधा खाऊन टाकी.

पुस्तकाने देश हादरला. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी चौकशी केली, आणि ३० जून १९०६ रोजी मांसतपासणीचा कायदा झाला. सरकारी तपासनीस कारखान्यात उभे राहू लागले, त्यांच्या पगारासाठी खजिन्यातून वर्षाला तीस लाख डॉलर मंजूर झाले. मात्र ज्या बोटांचे सांधे झडत होते त्या बोटांविषयी कायद्यात एक ओळ नव्हती. सिंक्लेअरला स्वतःलाच याची खंत वाटली; त्याला कामगाराची दैना लोकांच्या अंतःकरणापर्यंत न्यायची होती, ती पोटापर्यंत जाऊन थांबली. लोकांना आपल्या ताटाची काळजी वाटली यात आम्हांला गैर दिसत नाही. शुद्ध अन्न मिळणे हा हक्कच आहे, आणि मजूरही तेच मांस खात होता. पण सरकारला तपासनीस नेमता येतो, पैसा काढता येतो, एका उन्हाळ्यात कायदाही करता येतो, हे त्या वर्षी सिद्ध झाले. तेव्हा मजुराच्या हाताकरिता ते का झाले नाही, याला ‘जमत नव्हते’ हे उत्तर पुरत नाही.

सुईतून काय जात होते, तेही पाहू. मिठाबरोबर सोरा घालण्याची चाल फार जुनी. त्याने मांसाला गुलाबी रंग येतो, एवढे कारागिरांना ठाऊक होते. का येतो ते १८९१ मध्ये पोलेन्स्के या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून कळू लागले : खाऱ्या पाण्यात सोऱ्याचे रूपांतर नायट्राइटमध्ये होते, आणि खरे काम ते करते. १९०१ मध्ये इंग्लंडात जॉन स्कॉट हाल्डेन यांनी त्या रंगाचा उलगडा केला. हे तेच हाल्डेन, ज्यांनी कोळशाच्या खाणीतल्या विषारी वायूंवर काम करून असंख्य खाणकामगारांचे प्राण वाचविले. आणि त्यांचेच चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात येऊन राहिले, येथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. नायट्राइट थेट वापरण्यास अमेरिकन सरकारने १९२५ मध्ये परवानगी दिली. ते सोऱ्यापेक्षा झटपट काम करते, पण जास्त झाले तर विष आहे. म्हणून मोजून घालणे आले. मिठाच्या कणातच ते समप्रमाणात कोंडून ठेवण्याची युक्ती शिकागोच्या ग्रिफिथ प्रयोगशाळेतील लॉइड हॉल या रसायनशास्त्रज्ञाने काढली. हॉल काळे होते. तरुणपणी एका कंपनीने त्यांना टेलिफोनवर नोकरी दिली आणि प्रत्यक्ष तोंड पाहिल्यावर परत पाठविले, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. ज्या शहरात काळ्या मजुराला संपफोड्या म्हणून आणले गेले, त्याच शहरातल्या खारवण्याच्या धंद्याला एका काळ्या शास्त्रज्ञाचे मीठ लागले.

नायट्राइट आणि सुई यांची गाठ पडल्यावर काळाचा अडसर जवळजवळ उरला नाही. पंधरवड्याचे काही दिवस झाले. आणि येथून सुईचे तिसरे पर्व सुरू होते. पहिल्या पर्वात तिने मांस सडण्यापासून वाचविले, दुसऱ्यात वेळ वाचविला; तिसऱ्यात ती वजन वाढवू लागली.

हिशेब साधा आहे. मांडीत पाणी भरले, मग धुरीच्या खोलीत टांगली, की उष्णतेने पाणी उडते. जुना दंडक असा की धुरी दिल्यानंतर मांडीचे वजन मूळ ताज्या वजनाहून अधिक भरता कामा नये. जेवढे पाणी घातले तेवढे उडाले पाहिजे. पण फॉस्फेटचे क्षार पाण्यात मिसळले तर मांस पाणी धरून ठेवते. धुरी थोडी आटोपती घेतली तर पाणी उडतही नाही. उरलेले पाणी मांसाच्या भावाने विकले जाते. मोठ्या कारखान्याच्या वर्षाच्या विक्रीत दर शेकडा एक भाग पाणी म्हणजे काय रक्कम होते, हे दूधवाल्याशी भांडलेल्या कोणत्याही गृहिणीला सांगावे लागणार नाही.

असला प्रकार आपल्या पूर्वजांनी कापडात अनुभवला आहे. १८६० नंतर अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापूस महागला, तेव्हा लँकेशरच्या गिरण्या सुताला चिनी मातीची दाट खळ चढवून कापडाचे वजन भरू लागल्या. ते कापड मुंबई-कलकत्त्याला उतरे; पहिल्या धुण्यात माती वाहून जाई आणि हातात चाळणी राही. ती खळ ठिसूळ होऊ नये म्हणून विणकामाच्या खात्यात वाफ सोडीत, आणि त्या ओल्या, मातकट हवेत विणकर खोकत उभे राहत. वाफेवर मर्यादा घालणारा कायदा इंग्लंडात १८८९ मध्ये झाला. खोट्या वजनाचा भुर्दंड गिऱ्हाईक पैशाने भरते आणि मजूर छातीने, हे आम्ही या उदाहरणावरून शिकलो.

मांडीतल्या पाण्यावरून अमेरिकेत १९६० ते १९६२ या काळात जो तमाशा झाला तो मोठा मौजेचा आहे. ३० डिसेंबर १९६० रोजी, सरकार बदलण्याच्या तोंडावर, शेतीखात्याने धुरी दिलेल्या मांडीत शेकडा १० पर्यंत अधिक पाणी राहू देण्यास परवानगी दिली. नव्या सरकारचे शेतीमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन यांनी १९६१ च्या नोव्हेंबरात ती काढून घेतली, आणि पाणी उरलेल्या मांडीवर ‘नकली हॅम’ अशी चिठ्ठी लावावी असे ठरविले. आर्मर कंपनी न्यायालयात गेली. १९६२ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ही सक्ती मानली नाही. त्यानंतर ‘पाणी घातलेले हॅम’ असे सरळ लिहून ते विकण्याची वाट मोकळी झाली. आमच्या मते हा निकाल वाईट नव्हता. पाणी घातले असेल तर घातले म्हणावे. दुधाच्या किटलीवर असे कोणी लिहील तर आम्ही त्याच्याशी भांडणार नाही, भाव तेवढा कमी मागू.

१९८५ पासून तर दशांशाचा हिशेब लागू झाला. चरबी वगळून उरलेल्या शिजलेल्या मांसात प्रथिन शेकडा २०.५ असेल तर नुसते ‘हॅम’; १८.५ असेल तर ‘नैसर्गिक रसासह’. १७ असेल तर ‘पाणी घातलेले’. त्याहून कमी असेल तर किती टक्के बाहेरचे भरले ते छापायचे. सरकारने पाणी एवढ्या बारकाईने मोजले!

या सगळ्यात खांदा कोठे आहे? खांदा हा गरिबाचा हॅम. अमेरिकेत हॅम हे नाव मागच्या मांडीलाच लागते. पुढचा खांदा त्याच पद्धतीने टोचून, खारवून, धुरी देऊन विकतात, पण त्याला ‘पिकनिक’ म्हणावे लागते, आणि त्याचा भावही उतरता. हाडे जास्त, शिरा जास्त, चरबीचे पदर जास्त. कारखान्यांतही खांदे पडून राहत. मिनेसोटातल्या हॉर्मेल कंपनीने १९३७ मध्ये स्पॅम नावाचा डबाबंद पदार्थ काढला, तो या न खपणाऱ्या खांद्यांना गिऱ्हाईक मिळावे म्हणूनच. दुसऱ्या महायुद्धात तो शिपायांच्या पानात पडून जगभर गेला.

त्याच १९३७ सालात मांसकामगारांच्या संघटनेची नवी बांधणी सुरू झाली, आणि १९४३ मध्ये युनायटेड पॅकिंगहाउस वर्कर्स ही युनियन उभी राहिली. तिने जे केले ते १९०४ च्या संपाला जमले नव्हते. काळा आणि गोरा एका सभेत बसू लागले, आणि कामाला घेताना वर्णभेद करू नये असे कलम करारांत घालून घेतले गेले. १९४८ चा संप ती हरली. हरूनही तिची फळी रंगाच्या रेघेवर फुटली नाही. शिकागोचा बाजार १९७१ मध्ये बंद झाला. युनियन १९६८ मध्येच दुसऱ्या मोठ्या संघटनेत विलीन झाली होती. कारखाने खेड्यांकडे सरकले आणि मजुरीचे दर खाली आले. हॉर्मेलच्या ऑस्टिन गावच्या कारखान्यातला १९८५-८६ चा संप त्याच उताराविरुद्ध होता, तोही मोडला.

आता आरंभी सांगितलेल्या धुरावरच्या खांद्याकडे येऊ. ही कला कारखान्याची नव्हे. खड्ड्यात निखारे करून अख्खे डुक्कर रात्रभर भाजण्याचे काम दक्षिणेत मुख्यतः गुलाम काळ्या माणसांनी केले आणि जोपासले. त्यांच्याजवळ सुई नव्हती. कोरडे पडू नये म्हणून ते लांब दांड्याच्या कुंचल्याने व्हिनेगर-मिरचीचे पाणी वरून शिंपीत. उत्तर कॅरोलिनातल्या लेक्झिंग्टन गावी १९१९ मध्ये कचेरीसमोर तंबू ठोकून खांदा भाजून विकण्यास सुरुवात झाली. तेथेही हिकरीचे निखारे आणि व्हिनेगर, बस्स. १९७८ मध्ये मेम्फिस शहरात वसंतोत्सवानिमित्त भाजण्याची स्पर्धा सुरू झाली, तीत खांद्यासाठी वेगळे बक्षीस होते. वसंत व्याख्यानमाला ऐकणाऱ्यांना ही दुसऱ्या प्रकारची वसंतमाला ऐकून हसू येईल. स्पर्धा आली की पंचाच्या एका घासासाठी जे जे करता येईल ते होते; कारखान्याची सुई अंगणात शिरली. अलाबामातल्या डिकेटर गावी १९२५ पासून चालत आलेल्या बिग बॉब गिब्सन या खानावळीचे ख्रिस लिली यांनी मेम्फिसला अनेकदा बाजी मारली; त्यांच्या टोचणीच्या पाण्यात सफरचंदाचा रस, साखर, मीठ आणि वूस्टरशर सॉस असतो, आणि ती कृती त्यांनी लपवून ठेवलेली नाही.

सुईने खरोखर उपयोग होतो का? मांसात मुळातच चारातले तीन भाग पाणी. ते तापले की स्नायूंचे धागे आकसतात आणि ओला टॉवेल पिळावा तसे पाणी बाहेर टाकतात. मीठ आत पोचले असेल तर त्या धाग्यांमधली प्रथिने फुगतात आणि पाणी धरून ठेवतात. टोचणीचा गुण तो एवढाच, आणि आतपर्यंत चव लागते तो वेगळा. पण खांदा ९० ते ९५ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवितात. मधल्या टप्प्यावर, ७० अंशांच्या आसपास, कित्येक तास तापमान हलतच नाही, कारण पृष्ठभागावरून पाणी उडते आणि माठासारखे मांस थंड राहते. नवखा माणूस तेथे घाबरून आच वाढवितो. वाट पाहिली तर शिरांतला चिवट भाग विरघळून त्याचा सरस होतो, चरबी वितळते, आणि धाग्यांतून गेलेल्या पाण्याची उणीव हा सरस भरून काढतो. तेव्हा आमचे मत असे की सर्व भागांत खांद्यालाच सुईची गरज सर्वांत कमी. गरिबाच्या हॅमने आपली ओल आपल्याच हाडापाशी बाळगली आहे, फक्त तिला वेळ द्यावा लागतो. पाठीच्या कोरड्या मांसाची गोष्ट निराळी.

गंमत अशी की अंगणात सुई घेऊन बसणारा माणूस पुष्कळदा आधीच टोचलेला खांदा पुन्हा टोचतो. दुकानातले कच्चे मांसही कारखान्यातून क्षारांचे पाणी भरून येते. शेकडा १०-१२ सहज. हे पाणी पाकिटावर नावातच ठळक लिहावे, असा नियम अमेरिकेच्या शेतीखात्याने २०१४ च्या अखेरीस केला आणि तो १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला.

हल्लीच्या कारखान्यात पायाचा पंप नाही. पट्ट्यावरून मांस सरकते आणि वरून एकाच वेळी शेकडो सुया उतरतात. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना मात्र अजून माणसे खांद्याला खांदा लावून उभी असतात, कापतात, हाडे काढतात. त्यांत परदेशातून आलेली पुष्कळ. २०२० च्या एप्रिलमध्ये करोनाची साथ या रांगांत शिरली. दक्षिण डकोटातल्या सू फॉल्स येथील स्मिथफील्ड कंपनीच्या डुकराच्या मांसाच्या कारखान्यात १,२९४ कामगारांना लागण झाली आणि चौघे दगावले. देशात चर्चा झाली ती मांसाचा तुटवडा पडेल की काय याची. २८ एप्रिलला अध्यक्षांनी मांसाचे कारखाने चालू राहावेत म्हणून खास हुकूम काढला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात केंद्र सरकारच्या कामगार-सुरक्षा कचेरीने कंपनीला कामगारांचे संरक्षण न केल्याबद्दल दंड ठोठावला. दंडाची रक्कम १३,४९४ डॉलर होती.